उन्हाळी फळ्यावरचं पहिलं नाव

दिनानाथजींनी खडू माझ्या हातात न देता मंजिरीच्या हातात दिला, त्या दिवशी माझ्या अंगाची जी लाही झाली ती काही वैशाखाच्या उन्हाने नव्हे. वर मलाच समजावतात, "प्रेमलताबाई, अक्षर तुमचंच देखणं, त्यात शंका नाही. पण यंदा फळा हिला लिहू द्या. हिला गाव माहीत आहे."

हिला गाव माहीत आहे! ऐकलंत? खांडव्याची पोर. बाप रेल्वेत गार्ड होता, तो गेला, म्हणून मामाकडे इथे रेल्वे क्वार्टरात आली, आणि मामाने कोणाकोणाला भेटून तिला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत चिकटवली. कालची आलेली. आणि आमचं घराणं होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरलेलं. आम्ही काय पिढ्यान् पिढ्या इथे गवत उपटत होतो?

मी लायब्ररियन दिनानाथजींची असिस्टंट. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, बी. ए. केलं आणि या नोकरीला लागले. तेव्हापासून लायब्ररीच्या व्हरांड्यातला उन्हाळी फळा मीच लिहीत आले. हा फळा म्हणजे कॉलेजच्या नोटिशींचा फळा नव्हे बरं का. मध्यभारत हे वेगळं राज्य होतं तेव्हा सरकार उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून उठून इंदुरात यायचं. आमचं इंदूर उन्हाळी राजधानी! साहेबांच्या बायका दुपारी कादंबऱ्या न्यायला लायब्ररीत यायच्या आणि विचारायच्या, इथे संध्याकाळी डॉक्टर कोण बसतो, शिवणाचा क्लास कुठे, गाण्याची बैठक कधी. रोज रोज सांगून दिनानाथजींचा घसा बसला, तेव्हा त्यांनी फळा टांगला. उन्हाळ्यात गावात काय काय आहे आणि काय कुठे मिळतं, ते सगळं त्यावर. मग मध्य प्रदेश झाला, सरकार कायमचं भोपाळला गेलं, जाताना माझ्या धाकट्या भावाला, मालोजीलाही कारकून म्हणून घेऊन गेलं. त्या भोपाळचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. पण फळा राहिला. लोकांना सवय झाली होती.

फळ्याच्या डाव्या अंगाला प्याऊंची नावं असायची. इंदुरात पाणपोईला सगळे प्याऊच म्हणतात. उन्हाळ्यात मानकऱ्यांच्या घराघरांतून प्याऊ लागते आणि फळ्यावर त्यांची नावं मी दरबारातल्या बैठकीच्या क्रमाने लिहायची. ज्याची जागा गादीजवळ, त्याचं नाव आधी. यात माझे वडील, आबासाहेब, तिसरे. "दौलतराव, मल्हारगंज." दर आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबासाहेब अंगरखा घालून, डोक्यावर पगडी चढवून कॉलेजात यायचे, फळ्यासमोर उभे राहायचे, तिसरं नाव वाचायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. माझ्याशी एक शब्द नाही. पण ती मान हलली की माझं वर्षभराचं पोट भरायचं.

कारण दुसरं राहिलंच काय होतं? दरबार उठला, जहागीर गेली, मल्हारगंजचं घर विकलं. आता आम्ही पलासियाला एका बंगल्याच्या मागे दोन खोल्यांत भाड्याने राहतो. घर विकताना आबासाहेबांनी फक्त समोरची प्याऊ वगळली होती. दगडी ओटा, वर पत्रा, मागे कडुनिंब. तिथे वर्षानुवर्षं आनंदीबाई बसून पाणी पाजायच्या. त्या मागच्या थंडीत वारल्या. आबासाहेब म्हणाले, "दुसरी बाई ठेवली आहे, तुम्ही काळजी करू नका." आमच्यात घरच्या बायकांनी प्याऊवर जायची रीत नाही. पुण्य घराण्याचं, झारी दुसऱ्याच्या हातात. म्हणून मी काही बघायला गेले नाही.

तर मंजिरीने फळा लिहिला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि मजकूर? मी वाचतच राहिले. "लोणच्यासाठी कैऱ्या फोडून मिळतील, मल्हारगंज, मंदिरासमोर, सकाळी." कॉलेजच्या फळ्यावर लोणचं! "पास झालेल्यांनी जुनी पुस्तकं इथे आणून द्यावी, गरजूंनी घेऊन जावी." "ऊन लागलं तर वैद्य कुठे बसतात." "पोहायला शिकायचं असेल तर." आणि प्याऊ! प्याऊंचा क्रम पार उलटापालटा करून टाकला होता. कॉलेजपासून निघालं की पहिली लागते ती पहिली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. पुढे डावीकडे, उजवीकडे, कडुनिंबाखाली, अशी पत्त्याची वर्णनं. मानकऱ्यांच्या मधोमध एका तेल्याची प्याऊ, एका गिरणीतल्या मजुरांनी मिळून लावलेली प्याऊ. दरबारात ज्यांची जागा दुसरी, ते नानासाहेब शेवटून दुसरे!

आणि आमचं नाव नाहीच.

मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. पुन्हा वाचलं. नाही म्हणजे नाही.

"मंजिरी," मी हाक मारली, "मल्हारगंजची प्याऊ राहिली."

ती पुस्तकं लावत होती. वळली, माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली. "राहू द्या ना ताई. जागा नाही उरली."

"लोणच्याला जागा आहे, आणि माझ्या बापाला नाही?"

"तसं नाही ताई..."

"मग कसं?"

तिने ओठ मिटले. बस, मिटले ते मिटलेच. गरीब गाय, पोटात पाय! मी म्हटलं, थांब, नव्याचे नऊ दिवस. चार मानकरी येऊन दिनानाथजींना दोन शब्द सुनावू देत, मग बघते तुझं गाव.

पण कोणी आलं नाही सुनावायला. आले ते वाचायला. परीक्षांचे दिवस होते. आमचं कॉलेज प्रायव्हेटवाल्यांचं, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचं सेंटर, त्यामुळे धार, देवास, खरगोनहून मुलं-मुली यायची आणि त्यांचे आईबाप दिवसभर बाहेर झाडाखाली. ती माणसं फळ्यापुढे गर्दी करायची, पहिली प्याऊ कोणती ते बघायची आणि तिकडे चालू पडायची. पहिली म्हणजे जवळची, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. आजूबाजूच्या बायका, ज्यांनी जन्मात कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं, त्या कैऱ्यांच्या पिशव्या घेऊन व्हरांड्यात. "मंजिरीबाई आहेत का? मंजिरीबाईंना सांगा, आमच्या गल्लीत भजन आहे, लिहा." टांगेवाला बाहेरून ओरडायचा, "मंजिरी दीदी, उस वैदजी की दुकान बदल गई, भिया!" आणि ती सायकल काढून खरंच जायची, बघून यायची, आणि फळ्यावर बदल करायची. इतकी वर्षं मी लिहिलेला फळा लोक उभ्याने बघून जायचे. हिचा फळा लोक वाचत होते. मला हे दिसत नव्हतं असं समजू नका. दिसत होतं म्हणूनच तर नाकाला मिरच्या झोंबत होत्या.

प्रोफेसर कृष्णराव म्हणजे इंग्रजीशिवाय कशाकडे ढुंकून न बघणारा माणूस. तेसुद्धा म्हणाले, "व्हेरी युसफुल, व्हेरी युसफुल." मला कधी म्हणाले नव्हते. माझ्या फळ्यापुढून ते चष्मा पुसत जायचे.

मी घरी जाऊन आबासाहेबांना सांगितलं. वाटलं होतं, आता फुटेल ज्वालामुखी. एका लग्नात विडा चौथा दिला म्हणून भरल्या पंगतीतून उठून आलेला माणूस हा! मी म्हटलं, "आबासाहेब, यंदा फळ्यावर आपलं नाव नाही. त्या नव्या पोरीने गाळलं."

आबासाहेब सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. "नवी आहे. जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? मी दिनानाथजींना..."

"प्रेमलताबाई." आमच्याकडे लेकीबाळींनाही अहो-जाहोच. "जाऊ द्या म्हटलं ना."

आणि त्या वर्षी आखातीजेला ते फळा बघायला आलेच नाहीत. अंगरखा खुंटीवर तसाच. मला वाटलं, अपमान मनाला लागलाय, बोलून दाखवत नाहीत. रात्रभर मंजिरीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

लायब्ररीची उन्हाळ्यातली वेळ दोन पाळ्यांत असते. सकाळची माझी, संध्याकाळची तिची. आबासाहेब रोज चार वाजता काठी घेऊन निघायचे, "प्याऊ बघून येतो." दिवेलागणीला परत. हा क्रम मल्हारगंज सोडलं तेव्हापासूनचा. एक दिवस मी छत्री लायब्ररीत विसरले म्हणून संध्याकाळी आणायला गेले. व्हरांड्यात वाळ्याचा पडदा ओला केलेला होता, त्याचा वास येत होता. पडद्याआडून हसण्याचा आवाज आला. पुरुषाचं हसणं, मोकळं, पोटातून आलेलं. मी म्हटलं, वाचनाची वेळ आणि हे कोण दात काढतंय?

पडदा जरा सरकवला. आबासाहेब!

माझे आबासाहेब बाकावर बसलेले. पगडी काढून शेजारी ठेवलेली. घरी आम्ही त्यांना झोपतानाच उघड्या डोक्याने बघतो. समोर मंजिरी खाली पायरीवर, हातात तांब्या. पन्हं करून आणलं होतं बाईसाहेबांनी. आबासाहेब सांगत होते, कुठली विहीर कधी बुजवली, कुठल्या बोळातून पूर्वी हत्ती जायचे, कुठल्या मानकऱ्याने प्याऊच्या पाण्यात गुलाबपाणी घातलं आणि सगळ्या गावाच्या घशाला खाज सुटली. आणि हसत होते. मंजिरीही हसत होती.

"मग हो? मग काय झालं, आबा?"

आबा! आबासाहेब नव्हे, आबा! आणि त्यांनी काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "सांगतो बेटा, आधी ते पन्हं दे थोडं."

बेटा.

पडदा माझ्या हातात तसाच राहिला. मी त्या गुलाबपाण्याची गोष्ट कधी ऐकली नव्हती. एकाच छताखाली राहून, त्यांची चादर बदलून, त्यांची औषधं मोजून, त्यांच्या ताटात आधी वाढून मी ती गोष्ट ऐकली नव्हती. माझ्याशी ते बोलतात, "भाजीत मीठ ठीक आहे." आणि ही, जिने त्यांचं नाव फळ्यावरून पुसलं, ती त्यांची बेटा! छत्री तशीच टाकून मी घरी आले. त्या संध्याकाळी ते परत आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "प्याऊवर गर्दी होती का?" ते म्हणाले, "होती की." सरळ माझ्या तोंडावर.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघणं सोडलं. ती "ताई" म्हणायची, मी कपाटाशी बोलल्यासारखं उत्तर द्यायची. रोज चार वाजले की माझा तिळपापड व्हायचा. आता पोचले असतील. आता पगडी काढली असेल. आता काय सांगत असतील? आमच्या आईची गोष्ट सांगत असतील का तिला? तेवढी नको, देवा. तेवढी तरी माझी राहू दे. स्वतःच्या बापासाठी स्वतःच नवस बोलायची वेळ आली माझ्यावर, एका गार्डाच्या पोरीपायी.

मग एक दिवस सकाळी दिनानाथजी म्हणाले, "मंजिरीच्या मामीला बरं नाही, ती आज संध्याकाळी उशिरा येईल. फळ्यावर धूळ बसलीय. तेवढा नवा लिहून टाका ना."

म्हटलं, या या, आली आठवण! पण खडू घेतला. ओल्या फडक्याने फळा असा पुसला की तिच्या कोंबडीचा एक पाय राहिला नाही. लोणचं गेलं, तेली गेला, गिरणीवाले गेले. वळणदार अक्षरात वर लिहिलं, "उन्हाळी फळा." मग प्याऊ. हात तिसऱ्या ओळीकडे जाणार, तेवढ्यात थांबले. मनात म्हटलं, दरबार तर उठला. आता तिसरं कोण आणि पहिलं कोण? ज्या मानकऱ्यांसाठी मी इतकी वर्षं क्रम सांभाळला, त्यांतला एक तरी विचारायला आला का, की दौलतरावांचं नाव कुठे गेलं? मग सगळ्यांत वर, ठसठशीत लिहिलं: "दौलतराव यांची प्याऊ, मल्हारगंज. वाळ्याचं गार पाणी, सकाळपासून दिवसभर." पहिलं नाव! बाजूला फुलांची वेल काढली. दूर जाऊन बघितलं. आज संध्याकाळी पन्हं पिताना बघा म्हणावं, आबासाहेब, तुमचं नाव कोण लिहितं ते.

संध्याकाळी ते घरी आले, सरळ पाटावर बसले. मी वाट बघत होते. ताट वाढलं. दोन घास झाले, चार झाले. शेवटी मीच म्हटलं, "आज लायब्ररीकडे गेला होता वाटतं?"

माझ्याकडे बघितलं त्यांनी. "अक्षर सुरेख आहे तुमचं," म्हणाले, आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. मला वाटलं, कंठ दाटून आला असेल. मी सुखाने झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. काठी नाही, पगडी खुंटीवर नाही. म्हटलं, नाव वाचून तरतरी आली, फिरायला गेले असतील. मी कॉलेजात गेले. फळा जसाच्या तसा. मंजिरीने संध्याकाळी येऊन एक अक्षर पुसलं नव्हतं. हिंमतच झाली नसेल! मी मान ताठ करून कपाटं उघडली.

त्या दिवशी मोठा पेपर होता. बाहेर ही गर्दी. लोक फळ्यापुढे यायचे, पहिली ओळ वाचायचे आणि निघायचे. आता पहिली म्हणजे जवळची, ही खोड त्यांना मंजिरीने लावलेली. मल्हारगंज कॉलेजपासून कुठे! वाटेत चार प्याऊ लागतात, पण फळ्यावर त्या खाली गेलेल्या, कोण वाचतो? जो तो विचारायचा, "मल्हारगंज किधर पड़ेगा?" मी खिडकीतून हात करून दाखवायची. दौलतरावांच्या प्याऊकडे रांग चाललीय, हे बघून मला इतका आनंद होत होता की उन्हाचं काही वाटत नव्हतं. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं ना.

पेपर सुटायच्या सुमाराला धारचा एक मनुष्य, मुलीला परीक्षेला घेऊन आलेला, घामाने निथळत खिडकीशी आला. मला वाटलं, आता लांब पाठवलं म्हणून भांडणार. त्याने हात जोडले.

"बाईजी, पानी तो बहुत ठंडा है. दूर है, पर ठंडा है. बस एक बात कहनी थी. वहाँ जो बुजुर्ग पिला रहे हैं ना, पगड़ी वाले, उनके हाथ बहुत काँपते हैं. किसी और को बिठा दो. आधा पानी उन्हीं के ऊपर गिर रहा है."

"कौन बुजुर्ग?" मी म्हटलं. "वहाँ तो बाई बैठती है."

"बाई तो कोई नहीं जी. एक बिटिया है, वो नल से भर-भर के ला रही है."

दिनानाथजींना काही न सांगता मी उठले. फाटकाबाहेर टांगा होता त्यात बसले. मल्हारगंजच्या तोंडाशी टांगा गर्दीत अडकला, तर उतरून पायी चालत सुटले. त्या गल्लीत मी लग्नाआधी राहिलेली, पण प्याऊच्या बाजूने कधी चालले नव्हते.

कडुनिंबाखाली माणसांचा घोळका. ओट्यावर रांजण. रांजणामागे आबासाहेब, अंगरखा, पगडी, सगळं आखातीजेसारखं, आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजलेले. हातात आनंदीबाईंची लांब नळीची झारी. खाली कोणी ओंजळ धरून वाकलेलं, आणि धार ओंजळ सोडून इकडे तिकडे. तेवढ्यात नाक्यावरच्या नळाकडून मंजिरी आली, डोक्यावर घागर, पदर खोचलेला, तोंड लाल.

मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. पण खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच: इथेही! इथेही ही माझ्या आधी!

"तू इथे काय करतेस?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "हे आमचं आहे. फळा घेतलास, लायब्ररी घेतलीस, माझा बाप घेतलास. आता ही प्याऊ तरी सोड!"

मंजिरीने घागर रांजणात रिकामी केली. ती माझ्याकडे बघेना.

आबासाहेब म्हणाले, "तिला बोलू नका, बाई. नाव तिने गाळलं नव्हतं. मीच सांगितलं होतं लिहू नको म्हणून."

"आपण?"

"आनंदीबाई गेल्यावर माणूस मिळालं नाही. कोणी येईना बसायला. रांजण यंदा पालथेच होते. पाणी नाही, तर नाव कशाला? लोक उन्हातून येतील आणि परत जातील. मी हिला जाऊन सांगितलं, आमची प्याऊ बंद आहे, लिहू नकोस, आणि कोणाला बोलू नकोस." त्यांनी झारी ओट्यावर टेकवली. "काल संध्याकाळी फळ्यावर बघितलं. ही पुसायला निघाली होती. मी म्हटलं, नको पुसू. आमच्या लेकीने लिहिलंय. आता लिहिलंय तर पाणी असायला हवं. म्हणून सकाळी आलो. मी बोलावलं नव्हतं हिला. मी आलो तर ही आधीच नळावर उभी."

तरी मी सोडते का? "मग मला का नाही सांगितलं? तिला सांगितलं, त्या परक्या पोरीला. मला का नाही? मी विचारलं, गर्दी होती का, आणि आपण माझ्या तोंडावर हो म्हणालात!"

"तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही इथे येऊन उभ्या राहिला असता. सकाळी नोकरी, घरी माझं करायचं, आणि दुपारी उन्हात घागरी. राहिला असता की नसता?"

राहिले असते. रीत गेली चुलीत, उभी राहिले असते, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

"आणि बाई," ते खाली बघून म्हणाले, "परक्यापुढे मान खाली घालता येते. लेकीपुढे नाही येत."

रांगेतली एक म्हातारी ओंजळ तशीच धरून उभी होती. ती म्हणाली, "बापूसाब, पाणी?" आबासाहेबांनी झारी उचलली. मी पुढे झाले, पदर खोचला आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी एकदा घट्ट धरली, मग सोडली. मी म्हातारीच्या ओंजळीत धार धरली. झारी मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. म्हातारी पुष्कळ प्याली.

आबासाहेब ओट्याच्या कडेला बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली, इतक्या माणसांत. ओल्या बाहीने कपाळ पुसलं आणि मंजिरीला म्हणाले, "बेटा, तू जा आता घरी. सकाळपासून दमलीस. आता काळजी नाही. आमचं घरचं माणूस आलं."

घरचं माणूस. मी ते ऐकलं. महिनाभर मी जे ऐकायला तडफडत होते, ते हेच. सहज बोलून गेले ते, सुपारी मागावी तसं. मी मंजिरीकडे बघितलं. म्हटलं, बघू तर दे, आता हिचं तोंड कसं होतं.

ती रिकामी घागर हातात घेऊन उभी होती. "हो आबा," म्हणाली. हसलीसुद्धा. पण हसता हसता तिची नजर एकदा माझ्यावर आली, माझ्या हातातल्या झारीवर, मग आबासाहेबांच्या मांडीवरच्या पगडीवर, आणि मग तिने ओठ मिटले. मला ते ओळखायला कोणी शिकवायला नको होतं. महिनाभर मी तेच तोंड घेऊन फिरत होते. तिने खोचलेला पदर सोडला, घागर ओट्यावर ठेवली आणि जायला वळली. मामाच्या घरी. तिथे तिला बेटा कोण म्हणत होतं, देव जाणे.

"अगं ए," मी ओरडले.

ती थांबली.

"निघालीस कुठे? रांग बघितलीस का? मी पाजू का भरू? उचल ती घागर. आणि संध्याकाळी फळा नीट लिही, आमचं नाव शेवटी टाक, सगळ्यांत लांबची आहे ही. लोणच्याच्या खाली टाकलंस तरी चालेल."

तिने घागर उचलली आणि नळाकडे पळाली. मी पुढच्या ओंजळीत पाणी घातलं. आबासाहेब कडेला बसून म्हणाले, "बाई, तुम्हांला गुलाबपाण्याची गोष्ट सांगितली का मी कधी?"

"नाही," मी म्हटलं. "पण जरा थांबा. ती येऊ दे."